ज्यूंवरचे हल्ले आणि बातम्यांमधला 'योगायोग'

हातखंबा (चर्चाप्रस्ताव)

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दहा जणांच्या पाच जोड्या केलेल्या होत्या. सीएसटी, लिओपोल्ड, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट ही ठिकाणं मुंबईत कधी पाऊल न ठेवलेल्यालाही ऐकून माहीत असतात. एक जोडी मात्र कुलाबा बाजारामागच्या गल्लीत शिरली आणि नरीमन हाउस नावाच्या पाच मजली इमारतीत गेली. तिथे खबाद या ज्यू पंथाचं केंद्र होतं. कुलाब्यात हयात गेलेल्या कित्येकांना त्याचा पत्ता नव्हता. ताज रस्त्यात लागतं. नरीमन हाउस शोधत जावं लागतं.

असं असून, त्या दिवसांत न्यू यॉर्क टाइम्सच्या एका बातमीत अशा अर्थाचं वाक्य होतं की हे ज्यू केंद्र ठरवून निवडलं होतं की तिथलं ओलीसनाट्य अपघाताने घडलं, हे कळलेलं नाही. दहातली दोन माणसं खास त्या गल्लीत धाडली होती, आणि म्हणे अपघात! पुढे कटातल्या डेव्हिड हेडलीने अमेरिकेत कबूल केलं की या जागेची पाहणी त्याने आधीच करून ठेवली होती. फोनवरची संभाषणं बाहेर आली, त्यात पाकिस्तानात बसलेला सूत्रधार आतल्या पोरांना समजावत होता की इथला एक जीव इतर ठिकाणच्या कितीतरी जिवांच्या मोलाचा आहे. रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार जण तिथे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला उचलून त्याची आया सँड्रा सॅम्युएल बाहेर पडली म्हणून तो वाचला.

एवढंच असतं तर घाईगर्दीत लिहिलं असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढचं पाहा. ९ जानेवारी २०१५, पॅरिस. शार्ली एब्दो या व्यंगसाप्ताहिकाच्या कचेरीतलं हत्याकांड होऊन दोन दिवस झालेत. शुक्रवारची दुपार, शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाआधीचा बाजारहाट चाललाय, आणि अमेदी कुलिबाली बंदुका घेऊन 'इपेर काशेर' या कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे पदार्थ विकणाऱ्या) किराणा दुकानात शिरतो. चार ज्यूंना मारतो. आत असतानाच तो बीएफएम वाहिनीशी फोनवर बोलला आणि ज्यूंचं दुकान म्हणून हे निवडलं, हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आणखी काय पुरावा पाहिजे? तरी महिनाभराने ओबामा एका मुलाखतीत म्हणाले की पॅरिसच्या एका दुकानात माथेफिरूंनी कुणावरही, वाटेल तशा गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसच्या आणि परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यांनी त्याचं समर्थन केलं. ओरड झाल्यावर सारवासारव.

या खानदानातला वडीलधारा नमुना १९८० चा. ३ ऑक्टोबरला पॅरिसच्या कोपर्निक रस्त्यावरच्या सिनेगॉगबाहेर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबाहेर) बॉम्ब फुटला, चार जण गेले. पंतप्रधान रेमों बार टीव्हीवर म्हणाले की हा हल्ला सिनेगॉगला जाणाऱ्या ज्यूंवर करायचा होता आणि बळी मात्र रस्ता ओलांडणाऱ्या निष्पाप फ्रेंच लोकांचा गेला. म्हणजे आत प्रार्थनेला बसलेले फ्रेंचही नाहीत आणि निष्पापही नाहीत. साहेबांच्या मनात तसं नसेलही. पण वाक्य तोंडातून किती सहज निघालं, ते बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यूंवर हल्ला करणारा बहुतेक वेळा का केला ते स्पष्ट सांगतो. भाष्यकारच ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. कधी 'योगायोग' म्हणून सोडून देतात, कधी मेलेल्यांना तिसऱ्याच देशातल्या सरकारच्या कारभाराचा जाब विचारतात. पॅरिसमध्ये ११ जानेवारीच्या मोर्चात बीबीसीच्या वार्ताहराने एका ज्यू बाईला बोलतं केलं. ती आपल्याला वाटणारी भीती सांगत होती, आणि याने मध्येच सुनावलं की पॅलेस्टिनींनाही ज्यूंच्या हातून खूप सोसावं लागतं असं इस्रायलचे टीकाकार म्हणतील. दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली. ती बाई पॅरिसमध्ये राहणारी, शेजारच्या दुकानात चार माणसं मेलेली, आणि उत्तर द्यायचं गाझाबद्दल?

इस्रायल बरोबर की पॅलेस्टाइन बरोबर यावर हा धागा नाही. त्यासाठी इथे आधीच पन्नास धागे पडलेत. हल्ल्यांवरच्या भाष्याबद्दल बोला.

---

तिरकस

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. शंभरी गाठणार हा धागा, आणि तिसऱ्याच प्रतिसादाला गाझा येणार.

---

मोकळा_श्वास

तिसऱ्याला कशाला, दुसऱ्यालाच आणतो. धागाकर्त्यांनी कुंपण घातलंय खरं, पण ते त्यांच्या सोयीच्या जागी घातलंय.

इपेर काशेरबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ओबामांचं वाक्य वाईटच होतं. पण ज्यूद्वेष हा शब्द सगळ्यात जास्त कोण वापरतं, हेही माध्यमांवरच्या चर्चेत यायला नको का? मे २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्याने इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहूंविरुद्ध अटक वॉरंट मागितलं, तर नेतान्याहूंनी त्याला आधुनिक काळातला एक मोठा ज्यूद्वेष्टा ठरवलं. नोव्हेंबरमध्ये वॉरंट निघालं, तर म्हणे हा आजचा ड्रायफस खटला. ड्रायफस! फ्रेंच लष्करातला निरपराध कप्तान, हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली ज्यू म्हणून डेव्हिल्स आयलंडवर सडवलेला. आणि इथे कोण? ज्याच्या हुकमावर विमानं उडतात तो पंतप्रधान. देशाचा प्रमुखच स्वतःवरच्या टीकेला हे लेबल लावू लागला की वाचकाचा विश्वास उडतो, आणि त्याची किंमत पॅरिसच्या त्या बाईला मोजावी लागते.

दुसरं म्हणजे, मेलेल्यांची ओळख पुसायची सवय फक्त ज्यूंच्याच बाबतीत असते का? गाझातल्या बातम्यांचे मथळे वाचा. माणसं तिथे 'मरतात', त्यांना कोणी 'मारत' नाही.

---

हातखंबा

@मोकळा_श्वास, नेतान्याहूंबद्दल दुमत नाही. ड्रायफसचं नाव घेणं हा निव्वळ कांगावा होता. पण तुम्ही जे केलंत तेच मी सांगतोय. विषय पॅरिसच्या किराणा दुकानाचा, आणि प्रतिसादाचा पाऊण भाग जेरुसलेमच्या पंतप्रधानावर. तुम्ही द्वेषाने केलं नाहीत हे माहीत आहे. बीबीसीच्या वार्ताहरानेही केलं नव्हतं.

गाझाच्या मथळ्यांबद्दल तुम्ही वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा आणि बहुतेक सहमतीचाच असेल.

---

जुना_उपसंपादक

या व्यवसायात केस पांढरे केलेत म्हणून थोडं आतलं सांगतो.

रात्री अकरा वाजता एजन्सीची पहिली तार येते तेव्हा तिच्यात 'गोळीबार, तीन ठार' एवढंच असतं. हेतू लिहायचा नाही, पोलीस सांगतील तेव्हाच लिहायचा, हा पाळायचाच नियम आहे. हातखंबा ज्याला 'ऐकून न ऐकणं' म्हणतात त्यातलं निम्मं हेच असतं. उगाच सगळ्यावर कटाचा वास घेऊ नये.

पण हा नियम सगळ्यांना सारखा लागतो का? तिथेच गोम आहे. १९ मार्च २०१२ ला तुलूझमध्ये ओझार हातोराह या ज्यू शाळेच्या दारात एक शिक्षक, त्यांची दोन मुलं आणि आठ वर्षांची एक मुलगी मारली गेली. त्याच मारेकऱ्याने आठवडाभरात तीन सैनिक मारले होते, तिघेही उत्तर आफ्रिकी वंशाचे. मग काय, निओ-नाझीच असणार, असं मानून भाष्यं सुरू झाली. निवडणुकीचे दिवस होते, फ्रान्समधल्या वातावरणावर, परकीयांबद्दलच्या भाषणांवर रकाने भरले. दोन दिवसांनी नाव बाहेर आलं, मोहम्मद मेराह. सैनिक त्याने मारले ते फ्रेंच लष्करात आहेत म्हणून, आणि मुलं मारली ती ज्यू म्हणून. निओ-नाझी गृहीत धरला होता तोवर हेतू सांगायला कोणाला पोलिसांची वाट बघावीशी वाटली नव्हती. मेराहचं नाव आल्यावर सगळ्यांना एकदम संयम आठवला. मग बेकारी आली, उपनगरं आली, बालपण आलं.

बातमी आणि भाष्य यात फरक करा. बातमी पहिल्या दिवशी अर्धवट असणारच. भाष्य मात्र माणूस चहा पिऊन, खुर्चीत बसून, सगळं हाताशी असताना लिहितो.

आणि ड्रायफसचं निघालंच आहे तर, १८९४ साली ती बातमी फोडली 'ला लिब्र पारोल' या उघड ज्यूद्वेष्ट्या वर्तमानपत्राने. खटला उभा राहायच्या आत वाचकांचा निकाल लागला होता. ड्रायफसच्या बाजूने लेखक एमिल झोलाचं प्रसिद्ध पत्र छापून आलं ते १३ जानेवारी १८९८ ला. मधली तीन वर्षं बहुतेक छापखाने एकाच सुरात होते. आमच्या धंद्याचा या विषयातला इतिहास काही फार अभिमानाचा नाही.

---

धारदार

सरळ का बोलत नाही कोणी? सगळी माध्यमं डावी आहेत आणि हल्लेखोर मुसलमान असला की त्यांची बोबडी वळते. इस्रायलकडून शिका म्हणावं. बाकी सगळी शब्दांची कसरत.

---

पूर्वा_डॅलस

@धारदार, २७ ऑक्टोबर २०१८, पिट्सबर्ग, ट्री ऑफ लाइफ सिनेगॉग. ११ ठार, त्यात ९७ वर्षांच्या आजी होत्या. मारेकरी गोरा. आत शिरण्याच्या जरा आधी त्याने लिहून ठेवलं होतं की निर्वासितांना मदत करणारी ज्यू संस्था आपल्या देशात घुसखोर आणते आहे. इतकं स्वच्छ. आणि दोन दिवसांनी ट्रम्प यांच्या सल्लागार केलीअॅन कॉनवे फॉक्सवर याला काय म्हणाल्या? देशात धर्माची टिंगल करण्याची फॅशन आली आहे, त्याचा परिणाम. म्हणजे सगळ्याच श्रद्धाळूंवर हल्ला. ज्यू गायब! कारण ज्यू म्हटलं की घुसखोरांची भाषा कुठून आली ते बोलावं लागलं असतं, आणि ती भाषा त्या वेळी त्यांच्याच प्रचारसभांत रोज चालू होती.

तेव्हा बोबडी सगळ्यांचीच वळते. ज्याला त्याला आपल्या गोतावळ्यातला मारेकरी अवघड जातो.

आता आमच्या गावाजवळचं. टेक्सासातल्या कॉलीव्हिलचं सिनेगॉग इथून गाडीने फार लांब नाही. १५ जानेवारी २०२२, शनिवारची प्रार्थना, फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू. इंग्लंडहून आलेला मलिक फैझल अक्रम पिस्तूल घेऊन रब्बी आणि तिघांना ओलीस धरतो. मागणी काय, तर जवळच्या फोर्ट वर्थच्या तुरुंगातल्या आफिया सिद्दिकी या पाकिस्तानी बाईला सोडा. रात्री सुटका झाली (रब्बींनी खुर्ची फेकून मारली आणि पळाले), आणि एफबीआयचा अधिकारी माइकवर येऊन म्हणाला की त्याची मागणी ज्यू समाजाशी थेट संबंधित नव्हती. मथळ्यांतही तेच फिरलं.

आता विचार करा. तुरुंगातल्या बाईला सोडवायला माणूस सिनेगॉगमध्ये का जातो? चर्चमध्ये का नाही? टेक्सासात तर पावलोपावली चर्च आहेत. तो आतून न्यू यॉर्कच्या एका रब्बीबाईंना फोन करत होता. त्याची खात्री होती की ज्यूंच्या हातात अमेरिका आहे, एका रब्बीने फोन उचलला की कैदी सुटतात. ज्यूद्वेष म्हणजे दुसरं काय असतं? शिव्या दिल्या तरच तो द्वेष, असं थोडंच आहे! एफबीआयला नंतर भूमिका बदलावी लागली, संचालकांनी तो ज्यूद्वेषी हल्ला असल्याचं सांगितलं. पण तोवर पहिल्या रात्रीचं वाक्य जगभर जाऊन आलं होतं.

---

धारदार

बरं, पिट्सबर्ग मान्य. पण टक्केवारी काढली तर

---

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग आणि त्यावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. एका समाजाबद्दलच्या द्वेषावर चर्चा चालू असताना दुसऱ्या समाजाला सरसकट नावं ठेवू नयेत. इपेर काशेरमध्ये गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतगृहात लपवणारा लासाना बाथिली हा मालीहून आलेला मुस्लिम कर्मचारी होता, एवढी आठवण करून देतो. धागा भरकटल्यास वाचनमात्र करण्यात येईल.

---

नवगावची

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले असं आमच्यात सांगतात, अलिबागजवळ. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात नाव पडलं शनिवार तेली. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, घरात मराठी, आणि एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा (नैवेद्याचा विधी) करतो तेव्हा ताटात पोहे, गूळ, खोबरं आणि फळं असतात. कोकणात शेकडो वर्षांत आम्हाला ज्यू म्हणून कोणी त्रास दिल्याची एक गोष्ट आजीच्या तोंडून ऐकली नाही. हे मी अगत्याने सांगते, कारण जगात असं फार थोडे ज्यू सांगू शकतात.

२६/११ नंतर काय बदललं ते सांगते. सिनेगॉगच्या दारात पोलीस आले. ज्या जिन्यावरून लहानपणी धावत जायचो तिथे आता ओळखपत्र दाखवून आत जायचं. माझ्या भाच्याला ते तसंच असतं असं वाटतं, त्याने दुसरं काही पाहिलेलंच नाही. सणाच्या दिवशी नवं फ्रॉक घातलेली पोर हवालदाराच्या बंदुकीशेजारून आत जाते, आणि हवालदार तिला गोळी देतो, म्हणजे खाऊची. चांगला माणूस आहे. पण तो तिथे का आहे, हे पोरीला एक दिवस सांगावं लागणार.

मला वर्तमानपत्रांपेक्षा जास्त खटकतात ते आपले लोक. शिव्या नाही देत कोणी, उलट कौतुकच करतात. ऑफिसात कळलं की मी ज्यू आहे, की लगेच "वा, तुमचं मोसाद!" माझं मोसाद? माझा भाऊ एसटीत होता हो. "तुम्ही लोक किती हुशार, सगळ्या जगाचा पैसा तुमच्याकडे." हे तो प्रेमाने म्हणतो. पूर्वाताईंनी सांगितलेला टेक्सासचा तो बंदूकवाला रागाने म्हणत होता. वाक्य एकच आहे. मला त्या कौतुकाने बरं वाटत नाही, पाठ शहारते.

आणि धारदार, "इस्रायलकडून शिका" हे आम्हाला ऐकवू नका. आमचे लोक तिथे गेले तेव्हा १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी हुकूम काढला की बेने इस्रायलींशी लग्न लावायचं तर आधी त्यांच्या पिढ्या तपासा. खरे ज्यू आहेत की नाहीत बघा. १९६४ मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं तेव्हा ते नरमले. माझे मोठे काका त्यात होते, मराठीत घोषणा दिल्याचं सांगायचे. तेव्हा ज्यू म्हणजे इस्रायलचं सरकार हे समीकरण आमच्या घरात तरी कधीच नव्हतं. ते मांडतात ते दोघेच, एक आमच्यावर चिडलेला आणि एक आमच्यावर फिदा झालेला.

---

तिरकस

नवगावची, वाचतोय. पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

---

पॅरिसकर_तात्पुरता

नवगावचींना +१.

इथलं एक प्रकरण राहिलं. ४ एप्रिल २०१७, सारा अलिमी, ६५ वर्षांच्या निवृत्त डॉक्टर. त्याच इमारतीतला तरुण घरात शिरला, मारहाण केली, बाल्कनीतून खाली फेकलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीला तीन आठवडे उरले होते. देशातल्या मोठ्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर या खुनाची किती चर्चा झाली? जवळजवळ नाहीच. ज्यू समाजाची पत्रं आणि काही वकील ओरडत राहिले. न्यायाधीशांनी ज्यूद्वेषाचा हेतू मानायला फेब्रुवारी २०१८ उजाडलं. १४ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, की गांजाच्या अमलाखाली त्याचं भान हरपलं होतं, खटला चालणार नाही. त्यानंतर लोक रस्त्यावर उतरले आणि मग एकाएकी सगळ्यांना सारा अलिमी कोण ते कळलं. निकालाच्या कायदेशीर बाजूवर वाद होऊ शकतो. पण सुरुवातीच्या त्या आठवड्यांतल्या शांततेला कोणतं कलम लावणार?

---

मोकळा_श्वास

नवगावची, तुमचा प्रतिसाद कातरून ठेवावा असा. "मांडतात ते दोघेच" हे मला लागू पडतं का याचा विचार करतोय; पहिल्या वर्गात मी बसत नाही असं अजून वाटतं.

पण अॅमस्टरडॅमचं कोणी काढलं नाही म्हणून काढतो, कारण तिथे गुंता आहे. नोव्हेंबर २०२४, आयाक्स विरुद्ध इस्रायलचा मक्काबी तेल अवीव, फुटबॉलचा सामना. सामन्याच्या आदल्या रात्री मक्काबीच्या चाहत्यांच्या टोळक्यांनी पॅलेस्टिनी झेंडा फाडला, टॅक्सीवर हल्ला केला. गाझात शाळा नाहीत कारण मुलंच उरली नाहीत, अशीही घोषणा त्यांच्या तोंडी होती. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत यातलं किती आलं? 'पोग्रोम' (ज्यूंवरचे जमावाचे हल्ले) हा शब्द मात्र लगेच आला. ती तुलना करणाऱ्या महापौर हाल्सेमा यांनीच नंतर सांगितलं की तो शब्द वापरायला नको होता. तेव्हा ज्यूंच्या बाजूने झुकणारी घाईही असते.

---

लंडनचा_पाऊस

@मोकळा_श्वास, गुंता आहे खरा, पण पुढचं पान उलटा. सामन्यानंतर लोकांना रस्त्यात अडवून पासपोर्ट मागितले, मोबाइल गटांत 'ज्यूंची शिकार' असे शब्द फिरत होते. पाच जण रुग्णालयात गेले. त्यातल्या किती जणांनी झेंडा फाडला होता, हे मारणाऱ्यांनी विचारलं नव्हतं. टोळक्यांचा माज बातमीत यायलाच हवा होता, उशिरा आला ही चूक. पण तो आल्यावर बऱ्याच भाष्यांत शिकारीचा भाग तळटिपेत गेला. दोन्ही गोष्टी एका पानावर मावतात, जागा असते तेवढी.

आता आमच्या बीबीसीची कथा ऐका, कारण यात कागदोपत्री निकाल लागलेला आहे. २९ नोव्हेंबर २०२१, ऑक्सफर्ड स्ट्रीट. हनुक्काचा सण, ज्यू पोरं बस भाड्याने घेऊन नाचगाणी करत होती. काही माणसं आली, बसवर थुंकली, काचांवर मारलं, नाझी सलाम ठोकला. चित्रफीत आहे. बीबीसीच्या बातमीत काय जोडलं? बसच्या आतून मुस्लिमांबद्दल अपशब्द ऐकू येतात. ज्यू संघटनांनी तज्ज्ञांकडून ध्वनिफीत तपासून घेतली. त्यांच्या मते आतला मुलगा हिब्रूत ओरडत होता, कोणालातरी बोलवा, तातडीचं आहे. मदत मागणं आणि शिवी देणं! प्रसारण नियामक ऑफकॉमने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठपका ठेवला. त्यात मला महत्त्वाचा वाटला तो भाग चुकीबद्दलचा नाहीच. या दाव्यावर वाद आहे हे कळल्यावरही बीबीसीने आठ आठवडे प्रेक्षकांना त्याचा पत्ता लागू दिला नाही, यावर त्यांनी बोट ठेवलं.

कान चुकू शकतो. माझा प्रश्न असा की हल्ला झालेल्या पोरांच्या तोंडीच तो अपशब्द शोधायची गरज कोणाला आणि का पडली? एका बाजूला थुंकणारे आहेत, मग दुसऱ्या बाजूलाही काहीतरी असलंच पाहिजे, नाहीतर बातमी एकतर्फी दिसेल. 'समतोल' नावाचा हा जो रोग आहे तो द्वेषापेक्षा जास्त पसरलाय.

---

मनमौजी७

थोडं अवांतर, पण आपल्याकडचं. २००६ मध्ये खारघरला एक हॉटेल निघालं होतं, नाव 'हिटलर्स क्रॉस'. फलकावर स्वस्तिक, आत हिटलरचा फोटो. ज्यू समाजाने विरोध केला, बोंबाबोंब झाली, मग नाव बदललं. लक्षात राहावं म्हणून नाव ठेवलं, एवढंच त्यामागचं गणित. ज्यूंबद्दल कोणाच्या मनात काही नसावं. काहीच नव्हतं, हाच तर घोटाळा. आजही स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी हिटलरचं आत्मचरित्र मांडलेलं असतं, आणि मेसमध्ये कोणीतरी "या देशाला एक हिटलरच पाहिजे" म्हणतोच. बाहेरच्या माध्यमांना नावं ठेवताना आपल्या वाहिन्यांचंही बघा. नरीमन हाउसवर कमांडो उतरताना थेट दाखवत होते आणि सूत्रधार पलीकडे टीव्हीसमोर बसून आतल्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाबच्या निकालात यावर कडक ताशेरे ओढले आहेत.

---

हातखंबा

मनमौजी, अवांतर मुळीच नाही.

@लंडनचा_पाऊस, समतोलाबद्दल सहमत, पण मला तो रोगापेक्षा आळस वाटतो. काय घडलं ते शोधायला कष्ट पडतात, दोन्हीकडची एकेक ओळ टाकायला पडत नाहीत.

---

तिरकस

उपसंपादक काका, एक सरळ प्रश्न. २७ नोव्हेंबर २००८, तुम्ही रात्रपाळीला आहात. नरीमन हाउसचा मथळा काय देता? न्यू यॉर्क टाइम्सला नावं ठेवणं सोपं आहे, करून दाखवा.

---

जुना_उपसंपादक

पकडलंत. 'कुलाब्यातील ज्यू केंद्रावर दहशतवाद्यांचा ताबा. रब्बी दांपत्य ओलीस'. हेतूबद्दल एक अक्षर नाही, कारण त्या रात्री ते ठाऊक नाही. पण 'ज्यू केंद्र' मथळ्यात, आतल्या परिच्छेदात नाही. आणि दुसऱ्या ओळीत एवढंच, की दहापैकी दोघे थेट इथे आले. बाकीचा अर्थ वाचक लावतो, तो मूर्ख नसतो.

---

लंडनचा_पाऊस

दहापैकी दोघे हे त्या रात्री कुठे माहीत होतं काका? तेव्हा तर पंचवीस-तीस असतील असं बोललं जात होतं.

---

जुना_उपसंपादक

बरोबर धरलंत. मग 'हमरस्त्यापासून आत, बाजारामागच्या गल्लीतल्या इमारतीत' असं लिहीन. गल्ली तर त्या रात्रीही तिथेच होती.

---

नवगावची

काका, मथळ्यात दांपत्य ठीक, पण बातमीत रिव्काचं नाव घाला. 'रब्बी आणि त्यांची पत्नी' असं तेव्हा जिथे तिथे वाचलं.